घुम्याची तोंडी परीक्षा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या टोळीत त्याला सगळे घुम्या म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटे. एकदा घुम्या म्हटलं की हा माणूस बोलेल अशी कुणी अपेक्षाच ठेवत नाही. स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार, असं म्हणून लोक सोडून देतात. खरी गोष्ट फक्त दोन बायकांना माहीत होती, एक त्याची ताई आणि दुसरी त्याची बायको. घुम्या अबोल नव्हताच. बोलणं त्याच्या पोटात नुसतं खदखदत असे. पण प, ब किंवा म ने सुरू होणारा शब्द आला, की ओठ मिटले ते मिटलेच. मान ताठ होई, डोळे घट्ट मिटत, आणि तो शब्द जिन्यात अडकलेल्या कपाटासारखा ना वर जाई ना खाली येई.

म्हणून लहानपणापासून त्याने एक कसब कमावलं होतं. अडणारा शब्द लांबूनच ओळखायचा आणि बाजूच्या गल्लीने निसटायचं. पाणी हवं असेल तर 'तहान लागलीय' म्हणायचं. मंगळवारी यायचं असेल तर 'सोमवार झाला की येतो' म्हणायचं. 'मी' हा शब्द तर त्याने केव्हाच टाकून दिला होता. जातो, येतो, करतो म्हटलं की आपल्याकडे भागतं, आधी 'मी' लावला नाही म्हणून कुणी अडवत नाही. फक्त स्वतःच्या नावापुढे त्याचं काही चालत नसे. ते म ने सुरू व्हायचं, आणि नावाला दुसरा शब्द नसतो.

तिथे ताई कामी यायची. शाळेत, दुकानात, भांडणात, सगळीकडे तीच त्याच्या वतीने बोलायची. त्याने नुसतं तिच्याकडे बघायचं, की तिची टकळी सुरू. पुढे ती एका दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसायला लागली, म्हणजे बोलण्याचीच नोकरी. लग्न ठरवताना मुलीच्या घरीही तोच प्रकार. ताई बोलत होती आणि हा मान हलवत होता. बायको पुढे चारचौघांत सांगायची, "मला तर वाटलं, लग्न ताईंशीच ठरतंय!" सगळे हसत, तोही हसे. लग्नानंतर निम्मं काम बायकोने उचललं. रिक्षावाल्याशी ती बोले, बँकेत ती बोले, आणि पोरांना दम द्यायची वेळ आली असती तर तोही तिनेच दिला असता. पण मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच.

धंदाही त्याने विचार करूनच धरला होता. लिफ्टच्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यात उतरायचं, तारांचे दोर तपासायचे, रुळांना ग्रीस लावायचं. तिथे नाव विचारणारं कुणी नसतं. मशीनची जाड जाड पुस्तकं इंग्रजीत असत, ती तो मजेत वाचायचा. इंग्रजी बातम्या ऐकायचा. वाचायला, ऐकायला, लिहायला त्याला इंग्रजी चांगलं येत होतं. बोलायची वेळ कुणी आणलीच नव्हती.

ती वेळ बायकोने आणली, आणि तीही चांगल्या कारणाने. ती कृत्रिम पाय बनवायची. कारखान्यात माणसाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायची, आणि त्यावरून असा पाय घडवायची की माणूस महिन्याभरात काठी टाकून चालू लागे. परदेशातल्या एका हॉस्पिटलला अशी माणसं हवी होती. त्यांनी तिचं काम पाहिलं, मुलाखत घेतली आणि बोलावणं धाडलं. तिला तर आभाळ ठेंगणं झालं. कायमचं राहायला जायचं म्हणून अर्जाची तयारी सुरू झाली, आणि एजंटने सगळे कागद पाहून हळूच चष्मा काढला.

"मॅडम, अर्जाला वय, शिक्षण, काम असे मिळून जे गुण लागतात ते तुमचे थोडे कमी पडतायत," तो म्हणाला. "पण घाबरू नका. साहेबांनी इंग्रजीची परीक्षा दिली की त्यांचेही गुण धरतात. वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं. चारही ठिकाणी पास झाले की काम फत्ते."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा टेबलावरच्या पंख्याकडे पाहत होता.

"अहो साहेब, इंग्रजीला सगळेच घाबरतात," एजंट दिलासा द्यायला म्हणाला. "पंधरा दिवस क्लास लावा, फाडफाड बोलाल."

त्या दिवसापासून घुम्याचं बूड जमिनीला टेकेना. घरी आला की हातात पाना घेऊन फिरायचा. न गळणारे नळ आवळले. न कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल दिलं. खिडकीची कडी काढून पुन्हा बसवली. जेवताना मध्येच उठून गॅस बंद आहे ना ते बघून यायचा.

"बसा हो एका जागी!" बायको वैतागायची. "पायाला चाकं लावलीत की काय?"

"हो, हो," म्हणून तो बसायचा आणि गुडघा हलवत राहायचा, इतका की टेबलावरचे चमचे वाजायचे.

क्लास एका औषधाच्या दुकानाच्या वर होता. तिथले सर मोठे उत्साही होते. त्यांचं एकच तत्त्व, बोलत राहा. "गप्प बसलात की गेलात! चूक असू दे, खोटं असू दे, पण तोंड चालू ठेवा. परीक्षक तुमचं चरित्र तपासत नाही." सरावासाठी ते जोड्या लावायचे. घुम्याच्या वाट्याला एक बेकरीवाला आला. त्याचं इंग्रजी म्हणजे नुसता आनंद होता. काळ, वचन, लिंग, सगळं त्याने एकाच घाण्यात मळलेलं. पण तोंडाला खळ नव्हती. 'तुमच्या आवडत्या जागेबद्दल बोला' म्हटलं की तो भट्टीपासून सुरू व्हायचा आणि मावशीच्या ऑपरेशनपर्यंत पोचायचा. घुम्याची पाळी आली की घुम्याला नेमकी लघवीला लागायची. दोनदा सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, तिसऱ्यांदा बेकरीवालाच म्हणाला, "जाऊ द्या सर, माणूस लाजाळू आहे, त्याच्याऐवजी मीच बोलतो." आणि बोललाही.

परीक्षेच्या दिवशी वाचन, लेखन, ऐकणं, तिन्ही कशी सुरळीत झाली. मग दुपारी एकेकाला आत बोलावू लागले. दाराशी बायको उभी होती. इथवरच तिला येता येत होतं. ती म्हणाली, "सावकाश बोला हं." त्याने मान हलवली. जिथे ताई नाही आणि बायकोही नाही अशा खोलीत बोलायला जायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ, हे त्याला दार मागे लागल्यावर जाणवलं.

छोटी खोली, टेबल, आवाज टिपणारं यंत्र. समोरची तरुण परीक्षक हसून म्हणाली, "प्लीज, तुमचं पूर्ण नाव सांगा." सगळं इंग्रजीतच.

इंग्रजीत 'माझं नाव' म्हणायचं तर 'माय' पासूनच अडचण. तो गाळून थेट नाव घ्यायचं त्याने ठरवलं होतं. ओठ मिटले. मान ताठ झाली. यंत्रावरचा लाल दिवा चालू होता आणि खोलीत आवाज नव्हता. परीक्षक हसत राहिली. मग तिने टेबलावरच्या ओळखपत्रावरून नाव स्वतःच वाचलं आणि विचारलं, "हेच ना?"

"येस," तो म्हणाला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"तुम्ही काय काम करता?"

'मेकॅनिक' म्हणायचं होतं. म समोर आला आणि त्याच्या जिभेने जन्माची सवय पाळली, बाजूच्या गल्लीत वळली. "ड्रायव्हर," तो म्हणाला.

"वा! कोणती गाडी चालवता?"

बस म्हणावं तर ब. "कार," तो म्हणाला. त्याला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं.

"रहदारीचा कंटाळा येत नाही?"

"नो."

"आणि पत्नी काय करतात?"

ती पाय बनवते, हे इंग्रजीत सांगायला पुन्हा म हवा. "टीचर," तो म्हणाला.

"पुस्तकं वाचायला आवडतात?"

आवडतात म्हटलं तर ती कोणती विचारणार, त्यांची नावं कुठल्या अक्षरावर निघतील कोण जाणे. "नो."

असं करत करत त्याने संगीत नाही, मित्र नाही, प्रवास नाही, सगळ्याला नाही म्हटलं. मग एका विषयावर सलग बोलायला सांगितलं, तेव्हा तो चार वाक्यं बोलला आणि थांबला. बाहेर आला तेव्हा बायकोने विचारलं, "कसं झालं?"

"झालं," तो म्हणाला. रस्ताभर पुढे पुढे चालत राहिला. ज्या माणसाची परीक्षा झाली तो कुणी भलताच होता. गाडी चालवणारा, पुस्तकं न वाचणारा, शिक्षिकेचा नवरा. आपण नापास होऊ याचं त्याला तितकं वाईट वाटलं नाही. पण त्या यंत्रात आपल्या आवाजात हे सगळं खोटं भरून ठेवलंय, ते त्याला कपड्यात शिरलेल्या कुसळासारखं टोचत राहिलं.

निकाल आला. तीन ठिकाणी इतके चांगले गुण की एजंटने शीळ घातली, आणि बोलण्यात सपशेल आडवा. बेकरीवाल्याचं नेमकं उलटं, बोलण्यात पास आणि बाकी सगळीकडे नापास. तो घुम्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आपण दोघं मिळून एक माणूस आहोत बघ!"

बायको मात्र स्वस्थ बसणारी नव्हती. तिने परीक्षेचे सगळे नियम शोधून वाचले आणि एका संध्याकाळी त्याच्यासमोर बसली.

"अहो, यात एक सोय आहे. बोलण्यात अडचण असलेल्यांनी आधी कळवलं तर जास्त वेळ देतात. अडखळण्याचे गुण कापत नाहीत. फक्त तज्ज्ञाचा दाखला लागतो."

त्याच्या हातातला पाना थांबला. "दाखला कशाला? आजारी आहे का?"

"आजारी कोण म्हणतंय? तुम्ही अडखळता, एवढंच सांगायचं."

"कुणी अडखळत नाही!" तो ओरडला. आणि हे वाक्य अजिबात न अडखळता निघालं.

मग बायको उठली. "ठीक आहे. नका सांगू. पण एवढी वर्षं मी तुमच्यासाठी बोलले, ती मला हौस होती म्हणून नाही. आता मला एक गोष्ट हवी आहे, आणि ती मला तुमच्या वतीने बोलून मिळत नाही. मी तरी काय करू?" ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी उगाच मोठ्याने लावत बसली.

दोन दिवस घरात धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी ताई आली. तिला बायकोकडून सगळं कळलंच होतं. ताईने पर्स ठेवली, पदर खोचला आणि फोन उचलला. "एवढंच ना? मी बोलते परीक्षेच्या ऑफिसशी. बाळ्या, तू काही काळजी करू नकोस."

बाळ्या दारात उभा होता, चाळिशी ओलांडलेला. ताईने नंबर लावला आणि तिचा तो दवाखान्यातला गोड आवाज सुरू झाला. "नमस्कार, मी एका उमेदवाराची बहीण बोलतेय. माझ्या भावाला ना, बिचाऱ्याला, लहानपणापासून बोलायला जरा..."

तो 'बिचाऱ्याला' शब्द कानावर पडला आणि घुम्या पुढे झाला. त्याने ताईच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला. ताई बघत राहिली. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. त्याने बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं.

फोन ही त्याच्यासाठी सगळ्यात वाईट जागा होती. समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही, आपण धडपडतोय हे दिसत नाही, नुसती शांतता ऐकू जाते. त्याने नंबर लावला. पलीकडून बाई म्हणाली, "नमस्कार, बोला." त्याला 'परीक्षेबद्दल' म्हणायचं होतं. ओठ मिटले. "हॅलो? हॅलो? आवाज येत नाही." खट्. त्याने पुन्हा लावला. पुन्हा ओठ, पुन्हा शांतता, पुन्हा हॅलो हॅलो. या वेळी ती पुटपुटली, "काय कटकट आहे," आणि खट्. तो बाल्कनीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिला. तिथे चालायला जागाच नव्हती. दोन पावलं आणि वळण, दोन पावलं आणि वळण. काचेतून ताई हातानेच विचारत होती, मी बोलू का? त्याने पाठ फिरवली आणि तिसऱ्यांदा नंबर लावला.

"नमस्कार, बोला."

"ठेवू नका," तो घाईने म्हणाला. "तोतरा आहे. वेळ लागेल."

'तोतरा' या शब्दात ओठ मिटावे लागणारं एकही अक्षर नव्हतं. जन्मभर तो सहज उच्चारता आला असता. तरी आजवर त्याच्या तोंडून तो कधी निघाला नव्हता.

बाईने या वेळी फोन ठेवला नाही. तिचा सूर बदलला, गोड नाही झाला, नुसता सरळ झाला. "बरं. सांगा सावकाश. मी थांबते." आणि ती थांबली. 'परीक्षा' हा शब्द निघायला पुष्कळ वेळ लागला, पण निघाला. कुठला दाखला, कधीपर्यंत, कुणाकडे, सगळं त्यानेच विचारलं. बाल्कनीतून आत आला तेव्हा ताई सोफ्याच्या कडेवर बसली होती.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. ताई म्हणाली, "बरं झालं," आणि चहा न घेताच निघाली.

दाखल्यासाठी तो ज्या स्पीच थेरपिस्टकडे गेला, ती एक जाडगेली, ठसक्यात बोलणारी बाई होती. तिने त्याला अर्धा तास बोलतं ठेवलं आणि मग म्हणाली, "दाखला देते, त्यात काही प्रश्न नाही. पण तुमचं अडखळणं काही फार मोठं नाही. तुमचं पळणं मोठं आहे. इतके शब्द चुकवता, की तुमचं निम्मं आयुष्य वळसे घालण्यात गेलं असेल. यापुढे प आला तर प म्हणायचं. लागू दे वेळ. लोकांना थांबायला लावायचं."

"लोक हसतील," तो म्हणाला.

"हसतील ना. हसू द्या. हसून झालं की ऐकतील."

सांगायला सोपं. त्यानंतरचे आठवडे म्हणजे नुसती फरफट झाली. दुकानात पाव मागायला तो 'पाव'च म्हणायचा, आणि मागची रांग पाय बदलत उभी राहायची. टोळीतले लोक चकित झाले. घुम्या बोलायला लागला, आणि बोलतो तर हे असं! एकजण च वर अडखळत त्याची नक्कल करायला लागला. घुम्याने ती एकदा ऐकली आणि म्हणाला, "चुकलं. च वर अडत नाही. प... प वर अडतं." बाकीचे इतके हसले की नक्कल करणाऱ्याचीच पंचाईत झाली. पण घरी येऊन तो असा थकलेला असायचा, की जणू दिवसभर लिफ्ट हाताने ओढली असावी. बायकोला वाटायचं, थांबवावं. ती थांबवत नसे.

त्याच सुमारास एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एकटी बाई होती आणि ती दारावर थापा मारत किंचाळत होती. जोडीदार वर मशीन रूमकडे धावला, खाली दाराशी घुम्या. एरवी अशा वेळी तो दारावर टकटक करायचा, म्हणजे आतल्याला कळे की मदत आली. या वेळी त्याने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"म... म... म..."

"कोण आहे? कोण आहे तिकडे?" आतून रडका आवाज.

"मेकॅनिक! घाबरू नका. लिफ्ट प... प... प..."

"पडणार? लिफ्ट पडणार?" बाई अशी किंचाळली की जिन्यातले लोक पळत आले.

"प... पडणार नाही!"

"अहो मग नीट बोला ना! किती घाबरवता माणसाला!" बाई संतापली. आणि संतापली ती संतापलीच. तिने इमारतीच्या मालकाला शिव्या घातल्या, लिफ्टच्या कंपनीला घातल्या, घुम्याला घातल्या. तो आपला मधून मधून सांगत राहिला, ब्रेक लागलेला आहे, हवा आत येतेय, थोडा वेळ, बसून घ्या. लिफ्ट खाली आली, दार उघडलं तेव्हा तिचे गाल लाल होते, पण रडणं केव्हाच थांबलं होतं. "तुमच्या कंपनीला म्हणावं, बोलता येणारा माणूस ठेवा," असं त्याला सुनावून ती तरातरा निघून गेली.

ते वाक्य त्याला लागलं. संध्याकाळपर्यंत मनात घोळत राहिलं. पण घरी जाताना रस्त्यात त्याला असंही वाटलं, की तिला जे सांगायचं होतं ते सगळं आपण सांगितलं, एकही शब्द बदलून नाही.

दुसऱ्यांदा परीक्षेला तो गेला तेव्हा तीच छोटी खोली होती, तेच टेबल, तेच यंत्र. त्यात काहीच फरक नव्हता. या वेळी परीक्षक म्हणून चष्मा कपाळावर चढवलेला एक वयस्कर माणूस होता. त्याने नाव विचारलं आणि हाताची घडी घालून बसला. हसला नाही, मान हलवली नाही, ओळखपत्राकडे पाहिलं नाही. घुम्याचे ओठ मिटले. मान ताठ झाली. वेळ गेला, आणखी वेळ गेला. मग 'माय' आलं. मग 'नेम इज' घसरत आलं. मग पुन्हा सगळं बंद. आणि शेवटी त्याचं नाव, पूर्ण, बापाच्या नावासकट, त्या खोलीत त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"थँक यू," परीक्षक म्हणाला. "काय काम करता?"

"मेकॅनिक," तो अडखळत म्हणाला. लिफ्टचा. पत्नी पाय बनवते. पुस्तकं आवडतात, हो, पुष्कळ.

मग सलग बोलायचा विषय आला. शेजाऱ्याबद्दल सांगा. क्लासच्या सरांनी शेजाऱ्यावर एक गुळगुळीत उत्तर पाठ करून घेतलं होतं. शेजारी भला असतो, अडीअडचणीला धावून येतो वगैरे. घुम्याने ते तोंडाशी आणलं आणि त्याला एकदम वरच्या मजल्यावरचा तो माणूस आठवला, जो रोज पहाटे उठून घरातलं सामान सरकवत बसतो. झालं. गाडी त्या रुळावर गेली ती गेलीच. हा माणूस रोज पलंग का सरकवतो? बरं, सरकवला तर तो राहील तिथे राहू द्यावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा का? एकदा वर जाऊन विचारायचं ठरवलं, पण जिन्यात जाऊन परत आलो, कारण त्याला विचारायला जे शब्द लागतात ते सगळे ब, प आणि म वरचे. बेड अडला, पुश अडला, मॉर्निंग तर असा अडला की परीक्षकाने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. पण घुम्याने एकाही शब्दाला सोडलं नाही. मध्येच परीक्षकाला हसू फुटलं आणि त्याने ते हाताआड लपवलं.

"थँक यू," तो म्हणाला. वाढीव वेळसुद्धा संपला होता.

"वन म... मिनिट," घुम्या हात वर करून म्हणाला. "अजून संपलं नाही. त्याच्याकडे एक कपाटही आहे."

बाहेर आला तेव्हा बायकोने त्याच्या चेहऱ्याकडे पाहून काही विचारलं नाही. तोच सांगत सुटला. घरी पोचेपर्यंत सांगत होता.

त्यानंतर निकालाची वाट पाहणं. आधीची अस्वस्थता बरी होती असं वाटायला लावणारं ते होतं. पाना पुन्हा बाहेर निघाला. बायको आता त्याला बसा म्हणेना, कारण तीही दर थोड्या वेळाने फोन उघडून बघत होती. आणि एका दुपारी, तो दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टच्या उभ्या बोगद्यात असताना, तिचा फोन आला. ती हसत होती की रडत होती ते त्या पोकळीत घुमणाऱ्या आवाजात कळेना. बोलण्यात पास, हवे तेवढेच गुण, एक काडी जास्त नाही.

तो बोगद्यातून वर आला, हात पुसले आणि पायरीवर बसला. आनंद झाला होता, मोठा झाला होता. पण त्याच्या खाली काहीतरी वळवळत होतं. ताईला सांगायचं राहिलं होतं.

"मी सांगू का त्यांना?" बायकोने विचारलं.

"नको," तो म्हणाला.

तो दवाखान्यात गेला. स्वागताच्या टेबलासमोर रुग्ण बसले होते आणि ताई एकाच वेळी फोनवर बोलत होती, एका म्हातारबुवांना खोली दाखवत होती आणि दुसऱ्या बाईला थांबायला सांगत होती. गर्दी ओसरेपर्यंत तो बाकावर बसून राहिला. मग टेबलाशी गेला.

"काय रे?"

"ताई, प... प... प..."

"परीक्षेचं?" ताईने नेहमीसारखा शब्द पुढे केला. तो मान हलवून पुन्हा म्हणाला, "प... प..."

"परत नापास?" ताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो सुटकेचा सूर निघाला तो तिला स्वतःलाही ऐकू आला नसावा. "जाऊ दे रे बाळ्या. नको वाईट वाटून घेऊस. प्रयत्न केलास ना? आणि काय कमी आहे आपल्याला इथे? तुझं काम आहे, तिचं काम आहे, मी आहे. तिकडे परक्या माणसांत कोण तुझं ऐकून घेणार होतं? झालं ते बरंच झालं."

ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. आजवर त्याच्या तोंडात तिने घातलेला प्रत्येक शब्द त्याच्याच मनातला निघत आला होता. हा तिच्या मनातला होता. तिचे केस कानाशी पांढरे झाले होते, आणि टेबलामागे ती जरा लहान दिसत होती. त्याला वाटलं, आत्ता नुसती मान हलवावी आणि घरी जावं. सांगायला उद्या आहेच.

"पास," तो म्हणाला. "पास झालो, ताई."

ताई थांबली. तिने टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, लावलं. "अगं बाई," ती म्हणाली. "हो का?" मग जरा वेळाने, "छान झालं." फोन वाजत होता, तो तिने उचलला नाही.

"केव्हा निघणार?"

"अजून कागद व्हायचेत. थंडी संपल्यावर."

"घर लांब आहे का रे तिथून? म्हणजे येणं-जाणं..." तिने विचारलं, आणि प्रश्न किती खुळा आहे हे कळून तीच हसली, आणि हसता हसता तिला रुमाल शोधावा लागला. तो टेबलाच्या पलीकडे गेला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. रुग्ण बघत होते. त्याने उद्या जेवायला ये म्हणून सांगितलं. 'बोलू' हा शब्द मध्ये अडला. तो अडून होता तोवर तिने डोळे पुसून घेतले, आणि या वेळी ती काही पुरवायला गेली नाही.

थंडी संपल्यावर ते दोघं गेले. पहिले काही महिने फार वाईट गेले, काम शोधताना जाईल तिथे नाव सांगावं लागायचं, आणि दोन ठिकाणी त्याचं बोलणं ऐकून लोकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग एका हॉस्पिटलच्या लिफ्टचं काम मिळालं. ताईला तो दर रविवारी फोन करतो. ती पूर्वीपेक्षा बरीच थांबते, पण सवय ती सवय, मध्येच शब्द पुरवते. निम्म्या वेळा तो चुकीचा असतो. मग तो 'नाही' म्हणतो आणि पहिल्यापासून सुरू करतो.